शेवटच्या बाकावरची आई

वसईतल्या ख्रिस्ती गावांमध्ये रविवारची सकाळ घंटेनं सुरू होते. पहिल्या मिस्साला बायकाच जास्त. एरवी पहाटेची लोकल पकडून फुलांच्या नाहीतर भाजीच्या टोपल्या मुंबईला नेणाऱ्या, परत आल्यावर वाडीत राबणाऱ्या, केळीला पाणी सोडणाऱ्या याच बायका रविवारी इस्त्रीची साडी नेसून, केसांत घरचा मोगरा माळून चर्चला निघतात. वाटेत एकमेकींना हाका मारणं, "आजीला दवाखान्यात नेलेलं ना, कशी आहे आता?" अशी चौकशी करणं चालूच असतं. चर्चच्या दारात पोचेपर्यंत अर्ध्या गावाची खबरबात कळलेली असते.

आत गेलं की प्रत्येकीची जागा जणू ठरलेली. बाकावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, तरी वर्षानुवर्षं तीच बाई त्याच बाकावर बसते. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं, बाजूला गाणारी मंडळी, मधे कुटुंबंच्या कुटुंबं. आणि अगदी मागे, दाराजवळ, शेवटचा बाक. हा बाक उशिरा येणाऱ्यांचा, असं गमतीनं म्हणतात. पण नीट पाहिलं तर तिथे वेळेवर आलेल्याही काहीजणी दिसतात. नवऱ्यानं टाकलेली, घरातल्या दारूपायी चार लोकांत मान वर करून बसायला संकोचणारी, नव्या इमारतीत भाड्यानं राहायला आलेली आणि अजून कुणाशी ओळख नसलेली... या बायका मिस्सा संपायच्या आत हळूच उठून निघूनही जातात.

मैत्रिणींनो, आज मला या शेवटच्या बाकाबद्दल लिहायचंय.

त्याआधी थोडं आमच्या चर्चबद्दल सांगते. एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्या कॅथलिक कुटुंबांना मिळून 'धर्मग्राम' म्हणतात. इंग्रजीत त्याला पॅरिश म्हणतात, पण मला आपला मराठी शब्दच आवडतो. धर्माचं गाव! मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा इथे, पहिला ख्रिस्तप्रसाद इथे, लग्न इथे आणि शेवटची माती पण इथेच. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्याची नोंद चर्चच्या वहीत. त्यामुळे धर्मग्राम म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नव्हे. तो एक मोठा शेजार आहे. आणि शेजार म्हटला की त्यात माया आली, तशी कुजबुजही आली.

वसईचा हा शेजार जुना आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर मिशनरी आले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीजांचं राज्य गेलं, पण इथल्या लोकांची श्रद्धा इथेच राहिली आणि त्यांची भाषाही. घरात कुणाची सामवेदी, कुणाची वाडवळी, कुणाची कोळी बोली. गंमत बघा, फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीतून १६१६ साली छापलं गेलं, पण मिस्सा मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षं लॅटिनमध्येच चालायची! आमच्या आज्यांना त्यातला शब्द कळत नसे. त्या आपल्या जपमाळ ओढत बसायच्या. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि मग लोकांच्या भाषेला वेदीपाशी जागा मिळाली. पुढे १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले.

बायकांच्या बाबतीतही असंच झालं. पूर्वी डोकं झाकल्याशिवाय बाईनं चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही आणि वेदीच्या कठड्याच्या आत सेवेसाठी तर जायचंच नाही, असा दंडक होता. १९९४ साली रोमनं मुलींना वेदीसेवा करायला परवानगी दिली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांसाठीही रीतसर खुली केली. आज बाई पुढे जाऊन बायबल वाचते, तेव्हा कुणाला त्यात नवल वाटत नाही. पुढे जायची वाट अशी हळूहळू मोकळी झाली. पण जी स्वतःहून मागे जाऊन बसली, तिला पुढे कोण आणणार? ते काम कुठल्या पदावरच्या माणसाचं नाही, शेजारणीचं आहे. हे मला एका आईमुळे फार जवळून बघायला मिळालं.

तिचं नाव मी सांगणार नाही, गावही नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदललेत. आपण तिला मावशी म्हणू.

ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते. मावशीच्या तरुण मुलानं स्वतःचं आयुष्य संपवलं. शिकलेला, शांत, आईला टोपल्या उचलू लागणारा मुलगा. नोकरी सुटली होती, रात्र रात्र झोप नव्हती. घरच्यांना वाटलं, होईल सगळं ठीक. झालं नाही.

आमच्याकडे मृत्यू झाला की सगळी आळी धावून जाते. दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत. कुणी चहा आणतं, कुणी पेज, कुणी दूरच्या पाहुण्यांची सोय बघतं. इथेही तसंच झालं. अंत्यविधी नेहमीसारखा चर्चमध्येच झाला. सातव्या दिवसाची मिस्सा झाली. आणि मग आठवा दिवस उजाडला...

दुःखाचा खरा दिवस आठवाच असतो. माणसं आपापल्या कामाला लागतात, भांडी ज्याच्या त्याच्या घरी परत जातात आणि घर एकदम मोकळं होतं. त्यातून असं मरण असलं की माणसं जरा जास्तच लवकर पांगतात. काय बोलावं ते सुचत नाही म्हणून कुणी रस्ता बदलतं. कुणी बोलतं, पण ते मागे. "घरात काहीतरी असणार, त्याशिवाय का..." "आता मुलीला स्थळ मिळणं कठीण." "जुन्या काळी अशांना चर्चची माती मिळत नसे." हे शेवटचं वाक्य फिरत फिरत मावशीच्या कानावर गेलं.

मावशी चर्चला यायची थांबली नाही. पण मधल्या बाकावरून ती शेवटच्या बाकावर गेली. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की उठायची नाही. आमच्याकडे मिस्साच्या आधी त्या दिवसाचे हेतू वाचून दाखवतात. अमक्याच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून, तमकीच्या बाळासाठी उपकारस्तुती म्हणून, असे. मावशी महिन्यातून एकदा मुलासाठी मिस्सा सांगायची, पण ऑफिसात म्हणायची, "नाव नका वाचू. नुसतं 'एका मृतात्म्यासाठी' असं म्हणा." नऊ महिने पोटात वाढवलेल्या, सव्वीस वर्षं हाक मारलेल्या मुलाचं नाव आईला चार लोकांत उच्चारता येईना! मला वाटतं, मुलाच्या मरणानंतरचं हे दुसरं मरण होतं.

आता नियम काय सांगतो तेही बघू, कारण अर्धवट माहितीनं माणसं फार दुखावली जातात. पूर्वी, म्हणजे १९१७च्या चर्चच्या कायद्यात, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारायची तरतूद होती, हे खरं. पण १९८३ साली नवा कायदा आला आणि ही बंदी त्यातून गेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर स्पष्टच म्हटलंय, की जीव देणं योग्य नाही, पण मनाचे गंभीर आजार, असह्य भीती किंवा यातना यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होते. अशांच्या तारणाची आशा सोडू नये आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आणि आईनं ख्रिस्तप्रसाद घेऊ नये असं तर कुठल्याही नियमात नाही.

म्हणजे बघा, कागदावरचा नियम बदलून चाळीस वर्षं उलटली. पण आळीतली बोलणी अजून १९१७ सालातच अडकलेली!

आमच्या आळीतल्या चार बायकांनी मिळून एक साधी गोष्ट ठरवली. रोज दुपारी आपल्यापैकी एकीनं तरी मावशीकडे जायचं. उपदेश करायचा नाही, 'देवाची इच्छा' हे शब्द उच्चारायचे नाहीत, आणि 'का' हा प्रश्न विचारायचा नाही. मग जाऊन करायचं काय? मोगऱ्याचा हंगाम होता. मावशीच्या वाडीत कळ्यांचे ढीग पडत आणि ओवायला हात कमी. आम्ही आपल्या सुई-दोरा घेऊन बसायचो. पहिले कितीतरी दिवस कुणीच फारसं बोललं नाही. कळ्या ओवायच्या, पुडे बांधायचे, चहा घ्यायचा, घरी यायचं.

एक दिवस आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी सुई खाली न ठेवता सहज विचारलं, "लहानपणी कसा होता गं तो? फार मस्ती करायचा का?"

मावशीचा हात थांबला. आम्हा बाकीच्यांच्या पोटात धस्स झालं. आणि मग मावशी बोलायला लागली. तो विहिरीच्या काठावर चढायचा, त्याला सुकेळी आवडायची, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी त्याचे नवे बूट चावले म्हणून तो वेदीपर्यंत लंगडत गेला होता... हे सांगताना मावशी हसली आणि हसता हसता रडली. तोवर सगळ्यांनी तो कसा मेला एवढंच विचारलं होतं. कसा जगला हे विचारणाऱ्या आजी पहिल्याच. माझं बी.ए.पर्यंतचं शिक्षण झालं, समाजकार्याची शिबिरं केली, पण दुखावलेल्या माणसाशी बोलावं कसं, याचा इतका चांगला धडा कुठेच मिळाला नाही.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. पवित्र मरिया माउलीची मूर्ती आळीत रोज एका घरी जाते. संध्याकाळी सगळे तिथे जमून रोझरी म्हणतात, मग घरचे चणे-केळी वाटतात. क्रमानं मावशीचं घर आलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "यंदा तिचं घर सोडूया का? तिला उगाच त्रास." बोलणारीच्या मनात वाईट नव्हतं. पण आजी ठसक्यात म्हणाल्या, "मूर्तीनं कुणाच्या घरी जायचं ते आपण कोण ठरवणार? माउलीनं स्वतःचा मुलगा गुन्हेगारासारखा मेलेला पाहिलाय. तिला या घरचं दुःख कळत नाही होय?"

त्या संध्याकाळी मावशीच्या ओटीवर बसायला जागा उरली नाही.

आजींचं ते बोलणं माझ्या मनात अजून घोळतं. लहानपणापासून आम्ही क्रूस बघतो. घरोघरी भिंतीवर असतो, गळ्यात असतो. इतका ओळखीचा, की त्याचा अर्थ विसरायला होतं. रोमन राज्यात क्रूस म्हणजे सगळ्यात अपमानाची शिक्षा. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईकडे त्या दिवशी लोकांनी कसं पाहिलं असेल? कुजबुज झाली नसेल? मित्र पांगले होते, तेव्हा तिच्याजवळ कोण उरलं, तर दोन-चार बायका आणि एक शिष्य. योहानाच्या शुभवर्तमानात हे सगळं आहे. पहिला धर्मग्राम म्हणायचा तर तोच, नाही का? ना इमारत, ना घंटा. नुसतं कुणाच्या तरी दुःखापाशी उभं राहणं.

त्याच शुभवर्तमानात शोमरोनी बाईची गोष्ट आहे. भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली. बायका पाण्याला जातात ते सकाळी नाहीतर संध्याकाळी, मिळून, गप्पा मारत. ही उन्हात एकटीच का आली असेल, हे खेड्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही! येशूनं तिच्याशी बोलणं सुरू केलं ते पाणी मागून. तिला काही द्यायच्या आधी तिच्याकडून काहीतरी मागितलं. आम्ही मावशीकडे कळ्या ओवायला गेलो, तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. पण आता वाटतं, दुखावलेल्या माणसाला कीव नको असते. आपला अजून कुणाला तरी उपयोग आहे, हे कळायला हवं असतं.

दोन नोव्हेंबरला आमच्याकडे मृतांचा स्मरणदिन असतो. आदल्या दिवशीच बायका कबरी धुऊनपुसून घेतात, झेंडू-शेवंतीचे क्रूस करतात. संध्याकाळी फादर प्रत्येक कबरीवर तीर्थ शिंपडतात आणि सगळं कब्रस्तान मेणबत्त्यांनी उजळून निघतं. त्या संध्याकाळी मावशीनं फादरांना थांबवून विचारलं, "फादर, माझा मुलगा आता कुठं असेल?"

फादर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मावशी, त्याच्या मनात शेवटच्या घटकेला काय आलं ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. देवाला माहीत आहे. आणि देव तुमच्यापेक्षा कमी माया करणारा असेल, असं वाटतं का तुम्हाला?"

पुढच्या वर्षी मुलाच्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगायला मावशी ऑफिसात गेली. वहीत हेतू लिहून घेणाऱ्या मुलीनं सवयीनं विचारलं, "एका मृतात्म्यासाठी असंच लिहू ना?" मावशी म्हणाली, "नाही. नाव लिही." आणि पूर्ण नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्या सकाळी चर्चमध्ये ते नाव मोठ्यानं वाचलं गेलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मावशी आमच्या पुढे उभी होती.

आजही मावशी कधी मधल्या बाकावर बसते, कधी मागे. पण मागे बसली तर आता तिथे कोण नवीन आलंय ते बघायला बसते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलेल्या एका तमिळ बाईला मराठी प्रार्थना येत नव्हत्या. मावशी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून तिला शिकवते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं वसईच्या चर्चचं झालं, आम्हाला त्याचं काय? पण शेवटचा बाक सगळीकडे असतो हो! हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा बाई आतल्या खोलीत बसते, तो शेवटचाच बाक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं. ठराव हवाच. पण ठरावानंतर पहिलं कुंकू लावायला कुणीतरी शेजारीण लागतेच. नियम दार उघडून देतो, आत हात धरून न्यायचं काम माणसाचं.

आणि एक कळकळीची गोष्ट. मावशीच्या मुलाची झोप उडाली होती, खाणं सुटलं होतं, तो माणसांत यायचा बंद झाला होता. ही मनाच्या आजाराची लक्षणं असू शकतात. अशा वेळी नवस, उपास, प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरकडेही न्या. ताप आला तर आपण नुसती मेणबत्ती लावून बसतो का? मग मन आजारी पडलं तर का बसावं? 'टेलि-मानस' ही सरकारची मोफत फोनसेवा २०२२ सालापासून आहे. १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री कधीही आपल्या भाषेत बोलता येतं. हा नंबर गॅसच्या नंबरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. आणि घरातलं कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर "असं काही बोलू नये" म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. जवळ बसा, बोलू द्या आणि त्याला एकटं सोडू नका.

श्रद्धा म्हणजे काय, यावर फादर लोक मोठमोठी प्रवचनं देतात, आम्ही ऐकतो. आम्हा बायकांना ती प्रवचनात कमी आणि ओटीवर जास्त भेटते. कुणाच्या घरची चूल पेटली नाही, कोण तीन रविवार दिसली नाही, कोण मिस्सा संपायच्या आत निघून गेली, याची आठवण ठेवणं हीसुद्धा प्रार्थनाच.

येत्या रविवारी चर्चमध्ये, नाहीतर गुरुवारी देवळात, नाहीतर भिशीला गेलात, तर आपल्या जागेवर बसायच्या आधी एकदा मागे बघा. कुणी एकटी बसलेली दिसली, तर तिला पुढे बोलवायची घाई करू नका. आधी तिच्या शेजारी जाऊन बसा.